वाचकांचे प्रश्न : ओळंबा कुठे लावायचा?

उपासकाळ (ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ) जवळ आला की आत्मपरीक्षणाविषयीची पत्रे वाढतात. या महिन्यातली बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती आहेत : ख्रिस्ती जीवन मोजायचे कशाने आणि कसे? पत्रे थोडक्यात दिली आहेत. काही मजकूर घरगुती असल्याने नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातल्या आत्म्याच्या फळाचा मी तक्ता केला आहे. रोज रात्री प्रीती ७, आनंद ५, शांती ६ असे दहापैकी गुण देतो. गेल्या महिन्याची सरासरी ९० पैकी ५४ आली, त्याआधीची ५८ होती. मी मागे चाललो आहे का? किती गुण असले म्हणजे ठीक समजावे? (एक वाचक, श्रीरामपूर)

५४ आणि ५८ या आकड्यांवरून ते कळणार नाही. कामावरून दमून आलात त्या रात्री आनंदाला ४ पडतात, पगार झाला त्या दिवशी ७. तक्त्यात उतरते ती त्या वेळची मनःस्थिती. मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने हे फार कसोशीने करून पाहिले होते. ऑक्सफर्डच्या काळात तो तासातासाची नोंद ठेवायचा आणि आपल्या भक्तिभावाला १ ते ९ असे आकडे द्यायचा. इतकी शिस्त असूनही १७३८ च्या जानेवारीत अमेरिकेहून परतताना त्याने लिहून ठेवले की, दुसऱ्यांचे परिवर्तन करायला गेलो, पण माझे परिवर्तन कोण करणार? आकडे नेमाने लिहिले होते. त्याला हवे असलेले उत्तर त्यांत नव्हते.

तुमच्या तक्त्यात आणखी एक अडचण आहे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने देहाची ‘कर्मे’ अनेकवचनात लिहिली (५:१९), आत्म्याचे ‘फळ’ मात्र एकवचनात (५:२२). नऊ नावे एकाच फळाची आहेत. शाळेतल्या विषयांसारखी त्यांची बेरीज करता येत नाही. बाहेर सौम्यता ९ आणि देण्याघेण्यात विश्वासूपणा ३, सरासरी ६, असा हिशेब निघाला तर त्या ६ ने झाकले काय? नेमका तो ३.

आणि पास होण्याचा आकडा म्हणाल, तर तो नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात माप दिले ते स्वर्गीय पित्याच्या पूर्णतेचे (मत्तय ५:४८). त्या मापाला ५८ ही अपुरे आणि ८८ ही अपुरे. लूकच्या १८ व्या अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) उपवास आणि दशमांश मोजून दाखवतो, जकातदाराकडे दाखवायला काहीच नाही, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. आपला स्वीकार गुणांवर ठरत नसेल, तर मोजायचे कशासाठी? दुरुस्तीसाठी.

आमोस संदेष्ट्याच्या ७ व्या अध्यायात परमेश्वर हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा दिसतो. गवंडी ओळंबा कसा लावतो ते पाहा. दोरीला खाली धातूचा गोळा असतो आणि वर त्याच्याच रुंदीचा ठोकळा. ठोकळा भिंतीला टेकवायचा, गोळा खाली सोडायचा, झोका थांबेपर्यंत वाट पाहायची. गोळा भिंतीला जेमतेम स्पर्श करून राहिला तर भिंत ओळंब्यात आहे. फट दिसली किंवा गोळा भिंतीवर रेलला, तर ती कलली. ओळंबा भिंतीला गुण देत नाही. ‘या थराला, इकडे कलली’ एवढेच सांगतो. आणि गवंडी तो बांधकाम चालू असतानाच पुन्हा पुन्हा लावतो, कारण दोन थर उतरवणे सोपे, पूर्ण भिंत उतरवणे कठीण.

तेव्हा ‘सहनशीलता किती?’ असे विचारू नका. ज्या प्रश्नात माणूस असेल, वेळ असेल आणि केलेली किंवा टाळलेली कृती असेल, असा प्रश्न विचारा. ‘आईने तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तेव्हा मी काय बोललो?’ ‘हाताखालच्या माणसाची चूक त्याला एकट्याला गाठून सांगितली की चारचौघांत?’ ‘दिलेला शब्द कोणता होता, आणि तो दिलेल्या वेळी पाळला का?’ करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायातले प्रीतीचे वर्णन मूळ ग्रीकमध्ये बहुतेक क्रियापदांनीच केलेले आहे : प्रीती काय करते, काय करत नाही. आपली नोंदही तशीच हवी. उदाहरणार्थ : ‘मंगळवार. दुपारी फोनवर मेहुण्याला नोकरीवरून टोचून बोललो. उद्या ११ च्या आत फोन करून माफी मागायची.’ एक ओळ घडले त्याची, एक ओळ करायचे त्याची. दोन्ही ओळी असलेल्या अशा चार नोंदी आठवड्यात झाल्या तर त्या पूर्ण भरलेल्या तक्त्यापेक्षा उपयोगाच्या.

प्रश्न : रात्री आत्मपरीक्षणाला बसले की एकतर झोप लागते, नाहीतर उद्याच्या डब्याचा विचार सुरू होतो. ठरावीक पद्धत आहे का? (एक वाचिका, पिंपरी)

आहे, आणि ती चांगली वापरात मुरलेली आहे. येशूसंघाचे संस्थापक, कॅथलिक संत इग्नाती लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत तिचे पाच टप्पे आहेत : उपकारस्तुती, आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना, उठल्यापासून आतापर्यंतच्या वेळेचा झाडा, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रॉटेस्टंट वाचकांनाही यात अडखळण्यासारखे काही नाही.

वेळ १५ मिनिटे धरा. ३ मिनिटे उपकार मानायला, नेमक्या गोष्टींचे. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असे मोघम नको, ‘शेजारच्या ताईंनी गॅस बंद केला त्याबद्दल’ असे. १ मिनिट याचनेला. स्तोत्र १३९ ची २३ आणि २४ ही वचने त्यासाठीच आहेत. ६ मिनिटे दिवसाच्या झाड्याला. इथे आठवेल तसे उड्या मारत जाऊ नका, तासाच्या क्रमाने जा : उठणे, पाणी भरणे, डबा, बस, काम, परतीची वाट, जेवण. क्रम धरला की जे मन टाळू पाहते तेही वाटेत भेटते. ३ मिनिटे क्षमेला, उरलेली २ उद्याच्या एका कृतीला.

झोप येते, कारण बहुतेकजणी सगळी कामे उरकून अंथरुणावर बसून हे करतात. जेवणानंतर, भांडी घासायच्या आधी, पाठ टेकता न येणाऱ्या जागी बसा. डब्याचा विचार आला तर जवळच्या कागदावर ‘मेथी’ असे लिहून टाका आणि परत या. विचाराला कागद मिळाला की तो सहसा पुन्हा येत नाही. सगळ्यात जास्त बिघडते ते पहिला टप्पा गाळल्याने. उपकार न मानता थेट चुकांवर गेलात की आठवडाभरात ही वेळ नकोशी वाटू लागते आणि मग सवयच सुटते.

प्रश्न : माझे टेलरिंगचे दुकान आहे. गिऱ्हाईक आले की ‘फक्त काजं-बटणं राहिलीत, उद्या या’ असे तोंडातून निघून जाते, प्रत्यक्षात कापड कापलेलेही नसते. दर रविवारी पश्चात्ताप करतो आणि सोमवारी तेच. (एक वाचक, जालना)

एकाच सवयीशी झुंज असेल तेव्हा सर्वसाधारण आत्मपरीक्षण पुरत नाही. त्यासाठी इग्नाती यांनीच वेगळी रीत दिली आहे. दिवसातून तीन वेळा थांबायचे. सकाळी उठल्यावर त्या एका दोषाविरुद्ध निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर त्या वेळेपर्यंत किती वेळा घसरलो ते मोजायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुपारपासूनचे पुन्हा मोजायचे. कागदावर प्रत्येक वाराच्या दोन रेघा : वरच्या रेघेवर दुपारपर्यंतचे ठिपके, खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. दोष घडला त्या क्षणी हात छातीला लावायचा. शेजारी बसलेल्यालाही ते कळत नाही. मग वरची रेघ खालच्या रेघेशी ताडून पाहायची, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी.

पहिल्या पत्रात आकड्यांना नको म्हटले आणि इथे ठिपके मोजायला सांगतो, यात विसंगती वाटू देऊ नका. तिथे भावनेला आकडा दिला होता. इथे घडलेली कृती मोजायची आहे, आणि ‘काजं-बटणं राहिलीत’ हे वाक्य दिवसात किती वेळा निघाले हे अचूक मोजता येते.

दुकानात छातीला हात लावण्याऐवजी टाचणी वापरा. सकाळी टाचण्यांच्या गादीच्या डाव्या बाजूला वीस टाचण्या टोचा. खोटी तारीख निघाली की एक उजव्या बाजूला. दुपारी मोजा, पुन्हा रात्री मोजा. पहिल्या आठवड्यात आकडा बहुधा वाढेल. रविवारी पश्चात्ताप करताना तुम्हाला चार-पाच वेळा आठवत असेल, टाचण्या सोमवारीच अकरा दाखवतील. खोटे वाढलेले नसते, नजर उघडलेली असते. इथे घाबरून रीत सोडणारे फार. तीन आठवड्यांच्या आत निष्कर्ष काढू नका.

टाचण्या कधी हलतात तेही पाहा. सणाच्या आधी आणि लग्नसराईत जास्त हलत असतील, तर मूळ दोष जिभेच्या अलीकडे आहे : हाताबाहेर काम घेता, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल अशी भीती आहे. तिथे ओळंबा लावा. वही करा, कापड घेतानाच तारीख लिहा, दोन दिवस जास्त धरूनच सांगा, आणि त्या तारखेच्या कपड्यांची संख्या भरली की पुढची तारीख द्या. उशीर झालाच तर शब्द आधीच ठरवून ठेवा : ‘अजून कापलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी देतो.’ तयार वाक्य तोंडाशी नसले की जुने वाक्य धावून येते. काही गिऱ्हाइके जातीलही. ते नुकसान सोसणे हा या पश्चात्तापाचाच भाग आहे.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता वारले. नऊ एकर जमीन. आई, मी आणि दोन बहिणी. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या तेव्हा रस्ता होणार आहे आणि भाव चढणार आहे हे मला माहीत होते, त्यांना सांगितले नाही. आता आईही नाही. सातबाऱ्यावर माझे एकट्याचे नाव आहे, कायद्याने सगळे नीट आहे. पण प्रार्थनेला बसले की हेच आठवते. मी क्षमा मागितली आहे, ती पुरेशी नाही का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

देवाकडून क्षमा मिळण्यासाठी तुमची क्षमायाचना पुरेशी आहे. बहिणींचे देणे त्याने फिटत नाही. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक १९) पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला, नंतर जक्कयाने चौपट परत देण्याचे बोलून दाखवले. परतफेड करून त्याने येशूची भेट विकत घेतली नाही, पण भेट झाल्यावर तिजोरी मिटलेलीही राहिली नाही. प्रार्थनेत हेच आठवते याचा अर्थ देव रागावला आहे असा काढू नका. नेमकी जागा दाखवली जाते आहे, असा काढा.

आता हिशेब. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्राविना वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. नऊ एकरांत आईचे तीन, तुम्हा प्रत्येकाचे दोन. आईनेही मृत्युपत्र केले नसेल, तर तिच्या तीनांतला एकेक एकर प्रत्येकाला. म्हणजे सह्या झाल्या नसत्या तर आज तिघांचे तीन-तीन एकर झाले असते. कागदपत्रे वकिलाला दाखवून हे पडताळून घ्या. मोजणी आणि फेरफार आपल्या मनाने धरू नका.

मग पुढे असे जा. पहिल्यांदा पत्नी आणि मोठ्या मुलांना सांगा, कारण त्यांनी ती जमीन आपली धरली आहे. त्यांना न सांगता केलेली परतफेड घरात दुसरा अन्याय उभा करते. त्यानंतर बहिणींकडे त्यांच्या घरी जा. फोनवर नको, भाऊबीजेला किंवा नाताळच्या गर्दीतही नको. वाक्य सरळ असू द्या : ‘सह्या घेतल्या तेव्हा रस्त्याचं मला माहीत होतं, तुला सांगितलं नाही. ते माझं चुकलं.’ ‘काही गैरसमज झाला असेल तर’ ही पुस्ती जोडलीत की कबुली तिथेच विरून जाते. त्यानंतर आजच्या भावाने त्यांच्या वाट्याची किंमत काढून जमीन किंवा रक्कम, निवड त्यांची, असे सांगा. जमीन द्यायची तर बक्षीसपत्र नोंदवावे लागेल. एकदम रक्कम देणे झेपत नसेल तर हप्ते ठरवा आणि कागदावर लिहा.

किती द्यायचे? गणना ५:७ मध्ये मुद्दल अधिक पंचमांश असा नियम आहे. जक्कयाचे चौपट हे त्याने स्वतःहून बोललेले आहे, सर्वांवर लादलेले नाही. एवढ्या वर्षांचे पीक तुम्ही काढले आहे, तेव्हा मूळ वाट्यावर पंचमांश ही आमच्या मते किमान मर्यादा.

एक गोष्ट विशेष सांगायची आहे. बहीण बहुधा पहिल्याच वाक्याला म्हणेल, ‘राहू दे रे दादा, मला काय करायचंय.’ ते लगेच उचलून घरी येऊ नका. त्या वाक्यात अनेकदा माहेर तुटण्याची धास्ती असते, दिवाळीला कुणाच्या दारात जायचे याची. तुमचा प्रस्ताव लिहून तिच्या हाती द्या, महिनाभर वेळ द्या आणि जमीन घेतली तरी हे दार तिला उघडेच आहे हे कृतीने दाखवा. महिन्यानंतर तिने मोकळ्या मनाने नको म्हटले तर तो तिचा निर्णय. पहिल्या पाच मिनिटांत म्हटले तर तो तुमचा फायदा.

प्रश्न : जाऊबाईंशी भांडण झाल्यापासून दोन वर्षे मी प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि पेल्याचा विधी) घेतलेले नाही. अयोग्यपणे घेतले तर दोष लागतो असे वचन आहे. मी योग्य कधी होणार? (एक वाचिका, मिरज)

करिंथकरांस पहिले पत्र, ११:२७ मधला ‘अयोग्यपणे’ हा मूळ ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे. घेणारा किती योग्य याविषयी तो नाही, घेण्याच्या रीतीविषयी आहे. करिंथमध्ये काय चालले होते ते २१ व्या वचनात दिसते : काहीजण आधीच खाऊन पिऊन तृप्त, काहीजण उपाशी. एकाच शरीरातल्या भावंडांची अशी अवहेलना करून तोच पेला ओठांना लावणे, ही ती अयोग्य रीत. आणि २८ वे वचन शेवटपर्यंत वाचा. परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असे ते आहे. ‘परीक्षा करावी आणि मागच्या बाकावर बसून राहावे’ असे नाही.

भांडणाकडे मात्र दुर्लक्ष नको. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट. प्रभुभोजनाच्या आधीच्या गुरुवारी सुरुवात करा. भांडणातले फक्त तुमचे शब्द कागदावर लिहा, त्यांचे एकही नको. शुक्रवारी किंवा शनिवारी जाऊन तेवढ्याचीच क्षमा मागा. ‘तुम्हीही बोललात’ हे घरीच ठेवा. त्या बोलल्या तर उत्तम. दार लावून घेतले तर रोमकरांस १२:१८ आठवा : तुमच्याकडून होईल तितके. तेवढे झाले असेल तर रविवारी पुढे जा आणि भोजन घ्या.

कॅथलिक वाचकांनी याला जोडून लक्षात ठेवावे की, गंभीर पाप जाणीवपूर्वक केलेले असेल तर ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजन) स्वीकारण्याआधी धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करायचे असते, आणि गंभीर पापे प्रकार व संख्या सांगून निवेदन करायची असतात. ‘फादर, बरेच वेळा रागावले’ हे पुरत नाही. ‘सासूबाईंवर हात उगारला, दोनदा’ हे पुरते. कहाणी सांगायची गरज नसते.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. एकच पाप कबूल करून पुन्हा पुन्हा करतो, पापही आणि कबुलीही. क्षमा मागताना मन पूर्ण लागले नाही असे वाटते म्हणून पुन्हा मागतो. कधी कधी रात्रीचे दोन वाजतात. (नाशिक)

तुझ्या बाबतीत मोजमाप वाढवायचे नाही, कमी करायचे आहे. वरची टाचण्यांची रीत तुझ्यासाठी नाही, ती वापरू नकोस. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर मठात असताना कधी कधी सहा-सहा तास पापनिवेदन करत बसायचा. इग्नाती स्पेनमधल्या मनरेसाला असताना जुन्या पापांच्या शंकांनी इतके पोळले की, आठवडाभर अन्न सोडले, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा करून त्यांना जेवायला लावले. या दुखण्यात पुरावा कितीही दिला तरी मन ‘पण खरंच का?’ असे विचारतेच. तेव्हा त्याला उत्तर देत बसणे हाच सापळा आहे.

रात्रीच्या प्रार्थनेला १० मिनिटांचा गजर लाव. गजर झाला की ‘आमेन’ म्हणून उठायचे, वाक्य अर्धे असले तरी. एकदा कबूल केलेले पुन्हा कबूल करायचे नाही. ते पाप आहे की नाही अशी शंका असेल, तर ते नाही असे धरून पुढे जायचे. हे नियम पाळकसाहेबांना किंवा फादरांना सांग, आणि मार्गदर्शन फक्त त्या एकाच व्यक्तीचे घे. पाच जणांना विचारले की पाच नव्या शंका येतात. योहानाचे पहिले पत्र, ३:२० पाठ कर : आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे.

आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हात पुन्हा पुन्हा धुणे, कड्या तपासणे, प्रार्थना ठरावीक वेळा म्हटल्याशिवाय चैन न पडणे, यांपैकी काही होत असेल तर या महिन्यातच जा. या आजारावर औषधे आणि उपचार आहेत. ते घेण्यात विश्वासाची उणीव नाही. झोप मोडून दोन वाजेपर्यंत जागण्याने विश्वास वाढतही नाही.

प्रश्न : तीस वर्षे एकही रविवार चुकला नाही, दशमांश वेळेवर, भगिनी मंडळाची सेक्रेटरी आहे. तरी आत कोरडे वाटते. कुठे कमी पडते? (एक वाचिका, पुणे)

तुम्ही मोजलेल्या गोष्टी खऱ्या आहेत आणि सोडू नयेत. पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशमांशाला प्रभूने नाव ठेवले नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल ठेवले (मत्तय २३:२३). पण तुमच्या पत्रात उपस्थिती, रक्कम आणि पद आहे, प्रभू कुठे आला नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्या तर शास्त्र कोळून प्यालेल्या होत्या. तुमचा कोरडेपणा उशिरा आलेला असेल, पण तो लपवण्यासारखा नाही. तीन महिने सेक्रेटरीचे काम दुसऱ्या बहिणीकडे द्या. त्या वेळात रोज मार्कच्या शुभवर्तमानातला एकच प्रसंग वाचा, आणि ‘मंडळाला यातून काय सांगू?’ हा प्रश्न मनात आला की बाजूला ठेवा.

प्रश्न : आम्ही पाच जणी एकमेकींपाशी पापे कबूल करायचा गट सुरू करणार आहोत. काय सांभाळावे? (वसई)

वेस्लीने १७३८ मध्ये अशा छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आधार याकोब ५:१६. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी नेमके सुरू, आणि प्रत्येकाने आपल्या आत्म्याची खरी स्थिती उघड सांगायची. प्रश्न असे : मागच्या भेटीनंतर जाणून कोणती पापे केली? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? पाप आहे की नाही अशी शंका असलेले काय मनात आणले, बोलले, केले?

आपल्याकडे हे गट मोडतात ते एकाच कारणाने. बाहेर जाऊन कुणी म्हणते, ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, फार अडचणीत आहे,’ आणि संध्याकाळपर्यंत आळीभर झालेले असते. तेव्हा पहिल्याच भेटीत ठरवा : गटातली गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणूनही बाहेर न्यायची नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. फक्त कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर गप्प राहायचे नाही, हेही आधीच सांगून ठेवा. सासू, सून, जाऊ, नणंद एका गटात नकोत. पाचांच्या सहा होतील, आठ नकोत. आठव्या जणीची पाळी येते तेव्हा सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते.

प्रश्न : आत्मपरीक्षणाची वही वर्ष संपल्यावर ठेवावी की नष्ट करावी? घरच्यांच्या हाती लागली तर? (एक वाचक, सोलापूर)

लिहितानाच दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचा दोष लिहू नका. तुमची वही ही त्यांच्यावरची फिर्याद होता कामा नये. खुणा वापरा, टिंब, फुली, आद्याक्षर. वर्षअखेरीला एका बैठकीत वही चाळा आणि दोनच याद्या नव्या वहीत उतरवा : अजून न फिटलेली देणी, पैशाची असोत वा शब्दांची, आणि मानलेले उपकार. पहिल्या यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक तारीख घाला. मग जुनी वही फाडून चुलीत किंवा शेगडीत घाला. क्षमा झालेल्या गोष्टींची फाईल ठेवायची नसते.